ठाण्यातल्या इमारतीचा एसी बोअरवेलच्या पाण्यावर चालवला तर परवडेल का?

तुमची घोडबंदर रोडची इमारत, आवारात बोअर आहेच आणि युरोपात भूजलावरच्या हीट पंपाने (एकीकडची उष्णता ओढून दुसरीकडे सोडणाऱ्या यंत्राने) बिलं उतरतात. मग आपला 100 टनांचा (टन म्हणजे इथे वजन नव्हे, थंडाव्याच्या क्षमतेचं माप) सेंट्रल एसी तसाच करावा का, असं तुम्ही विचारलंय. मी नवी मुंबईत एसीची डिझाइनं करतो. नुसत्या थंडाव्यासाठी हे करू नका.

तिकडे जमिनीखालचं पाणी 10-12 अंशांचं असतं आणि हिवाळ्यात तेच पाणी इमारत तापवायलाही कामी येतं. एकाच खर्चात दोन कामं. आपल्याकडे हीटिंग लागतच नाही. शिवाय भूजलाचं तापमान साधारण त्या गावच्या हवेच्या वार्षिक सरासरीइतकं असतं, म्हणजे इथे 27-28 अंश. बघायचं असेल तर बोअर चालू करून दहा मिनिटं पाणी वाहू द्या, मग बादलीत थर्मामीटर धरा. एसीची उष्णता घेऊन तापलेलं पाणी हवेवर निववणारा कूलिंग टॉवर 32 अंशांच्या आसपासचं पाणी देतोच! या फरकाने कॉम्प्रेसरची वीज वाचेल जेमतेम दहा टक्के.

आणि पाणी लागतं किती? ते पाच अंशांनी तापू द्यायचं म्हटलं, तर एका टनाला तासाला सुमारे 740 लिटर. तुमच्या 100 टनांना 74,000. आपल्या काळ्या कातळात पाणी असतं ते भेगांमध्ये. एका बोअरकडून एवढ्याची आशा धरू नका. समजा मिळालंच, तरी 60 मीटर खोलीवरून उपसायला 20-25 किलोवॉट हवेत. कॉम्प्रेसर खातो साधारण 60 किलोवॉट, त्यातले वाचणार सहा. टॉवरचा पंखा आणि पंप वाचला हे धरूनही मेळ बसत नाही. पाणी परत जिरवायला दुसरी बोअर, परवानग्या, खाडीकडे खाऱ्या पाण्याने गंजणारा हीट एक्स्चेंजर (एसीची उष्णता बोअरच्या पाण्याला देणारा भाग), हे वेगळंच.

हीट पंपाचा खरा फायदा इथे गरम पाण्यात आहे, आणि याकडे फार कमी लोक बघतात याचं मला वाईट वाटतं. इमारतीत हॉस्पिटल किंवा जिम येणार आहे का? 1000 लिटर पाणी 27 वरून 55 अंशांवर न्यायला गीझरला सुमारे 33 युनिट लागतात. हवेवर चालणारा हीट पंप तेच काम 10-11 युनिटांत करतो, कारण आपली हवा बारा महिने उबदार. त्याची थंड बाजू चिल्ड वॉटरच्या, म्हणजे खोल्या गार करून परत येणाऱ्या एसीच्या पाण्याच्या, लाइनला जोडता आली, तर त्याच विजेत एसीलाही हातभार लागतो. कन्सल्टंटला आधी रोजच्या गरम पाण्याचा आकडा काढायला सांगा.

गरम पाणी लागणारच नसेल, तर बोअरचे पैसे चांगल्या वॉटर-कूल्ड चिलरवर (टॉवरच्या पाण्यावर चालणाऱ्या, सेंट्रल एसीच्या मुख्य यंत्रावर) आणि गच्चीच्या इन्सुलेशनवर घाला.