हाफ डेरिव्हेटिव्ह शिकताय? आधी गॅमा फंक्शन पक्कं करा

अरे, अपूर्णांक ऑर्डरची डेरिव्हेटिव्ह वापरणाऱ्या कंट्रोलरच्या पेपर्सना थेट हात घालू नकोस, आधी गॅमा फंक्शन (म्हणजे फॅक्टोरियलचं अपूर्णांकांनाही चालणारं रूप) घे आणि x चं अर्धं डेरिव्हेटिव्ह हाताने काढ, २√(x/π) येतं, त्याचं परत अर्धं काढलंस की १ येतो, म्हणजे नेहमीचं पहिलं डेरिव्हेटिव्ह. हे एकदा वहीत झालं की भीती जाते. अर्धं डेरिव्हेटिव्ह म्हणजे काय हा प्रश्न जुनाच आहे, १६९५ मध्ये लायब्निझ आणि लोपिताल या गणितज्ञांच्या पत्रांत आलेला.

मग व्याख्या, त्या एकाहून जास्त आहेत. रीमान-लिऊव्हिल व्याख्येत स्थिरांकाचं डेरिव्हेटिव्ह शून्य येत नाही, सगळे इथेच अडकतात, मीपण महिनाभर अडकलो होतो. कापुटोच्या व्याख्येत (१९६७) ते शून्य येतं आणि सुरुवातीच्या अटी नेहमीसारख्या घालता येतात, म्हणून इंजिनिअरिंगला बहुतेक तीच बरी पडते.

उपयोग समजायला पोदेराकडे (पाववाल्याकडे) जा, खरंच सांगतो. पावाचं पीठ ताणून सोड, ते स्प्रिंगसारखं पुरतं परत येत नाही, मधासारखं नुसतं वाहतही नाही, मधेच कुठेतरी राहतं आणि आधी किती ताणलं ते जणू लक्षात ठेवतं. बल हे किती ताणलं त्याच्या कितव्या डेरिव्हेटिव्हच्या प्रमाणात, ती ऑर्डर: स्प्रिंग म्हणजे ऑर्डर ०, डॅशपॉट (तेलात सरकणारा दट्ट्या) म्हणजे १, पीठ त्यांच्या मधलं. तसंच मे महिन्यात चिऱ्याची जाड भिंत तापते ना, पृष्ठभागातून आत जाणारी उष्णता तिथल्या तापमानाच्या अर्ध्या डेरिव्हेटिव्हच्या प्रमाणात असते, भिंत खूप जाड धरली तर.

कोड लिहिताना ग्रुनवाल्ड-लेत्निकोव्हने (छोट्या पायऱ्यांची बेरीज करून डेरिव्हेटिव्ह काढायची पद्धत) सुरुवात कर, फक्त दर पायरीला मागचा सगळा इतिहास बेरजेत येतो, पायऱ्या दुप्पट केल्यास की वेळ साधारण चौपट.