वाचकांचे प्रश्न : वॉलरसचे पंख आणि तंगुसाच्या तारा

मागच्या अंकात माझ्या १:४८ मापाच्या, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्श्याच्या, वॉलरस विमानाच्या मॉडेलचा फोटो आला आणि त्यावर बरीच पत्रं आली. त्यातल्या पाच पत्रांना इथे उत्तर देते. नव्या वाचकांसाठी थोडक्यात सांगायचं तर मी डोंबिवलीत दातांच्या लॅबमध्ये कवळ्या बनवते आणि रात्री जेवणं उरकली की विमानांची मॉडेलं. सुपरमरीन वॉलरस हे पाण्यावर उतरणारं, बोटीच्या पोटाचं, दोन मजली पंखांचं विमान. आर. जे. मिचेल यांनी आखलेलं. पुढे स्पिटफायर हे लढाऊ विमान आखलं तेही त्यांनीच. २१ जून १९३३ ला ते पहिल्यांदा उडालं, तेव्हा त्याचं नाव सीगल फाइव्ह होतं. युद्धनौकेवरच्या कॅटापुल्टवरून, म्हणजे विमान झटक्यात पुढे फेकणाऱ्या यंत्रावरून, ते उडवायचे आणि परतल्यावर क्रेनने उचलून घ्यायचे. चाकं असल्यामुळे जमिनीवरही उतरायचं.

आधी पंख चिकटवू की आधी रंगवू? दोन पंखांच्या मधे ब्रश शिरत नाही. (बारावीचा विद्यार्थी, सातारा)

आधी रंगव. आम्ही कवळी करतो तेव्हा वरचा आणि खालचा जबडा वेगवेगळा घडवतो, घासतो आणि मग आर्टिक्युलेटरवर, म्हणजे जबड्यासारख्या उघडमीट होणाऱ्या साधनावर, एकमेकांसमोर बसवून पाहतो. वॉलरसचंही तसंच कर. बोट (म्हणजे विमानाचं धड) आणि खालचे पंख हा एक भाग, वरचा पंख दुसरा, इंजिन तिसरा. तिन्ही पूर्ण रंगवून, डिकल (चिकटवायची छापील चिन्हं) लावून, वार्निश मारून तयार ठेव. मधल्या खांबांची टोकं जिथे बसणार तिथला रंग मात्र ब्लेडने खरवडून काढ, कारण प्लास्टिकचा गोंद प्लास्टिकला धरतो, रंगाला नाही.

वेगळं रंगवण्याचा आणखी एक फायदा आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या वॉलरसवर वरून दोन गडद रंगांचे पट्टे असत, एक काळपट राखाडी आणि एक हिरवट राखाडी. पण खालच्या पंखाच्या वरच्या बाजूला त्याच पट्ट्यांच्या फिकट छटा दिल्या जात. खालचा पंख वरच्याच्या सावलीत असतो, तो आधीच काळा दिसतो, म्हणून त्याला उजळ रंग. आकाशातून पाहणाऱ्याला दोन्ही पंख सारखे दिसावेत हा हेतू. सगळीकडे एकच रंग दिलेलं मॉडेल पाहिलं की मला चुकचुकल्यासारखं होतं. तुझ्या मॉडेलवर ही फिकट छटा नक्की दे.

तारा बसवताना दरवेळी एक ताठ होते आणि दुसरी सैल पडते. काय चुकतंय? (नाशिकचे एक वाचक)

तुमचं काही चुकत नाही, फक्त क्रम बदला. आणि क्रम कळायला कोणती तार काय काम करते ते आधी कळायला हवं.

उडताना हवा पंखांना वर उचलते. त्यांना वर जाण्यापासून धरून ठेवणारी तार खालच्या पंखाच्या मुळाशी सुरू होते आणि तिरकी बाहेर जात वरच्या पंखाला मिळते. विमान उभं असताना उलटं घडतं. पंख स्वतःच्या वजनाने खाली झुकू पाहतात आणि त्यांना वरच्या पंखाच्या मध्यापासून तिरकी खाली आलेली तार तोलून धरते. उडतानाचा भार उभं असतानाच्या भारापेक्षा कितीतरी जास्त, म्हणून बऱ्याच द्विपंखी विमानांत पहिल्या जातीच्या तारा जोडीने असतात. पुढच्या आणि मागच्या खांबांमध्येही फुलीसारख्या तारा असतात, त्या पंखाला पिळू देत नाहीत. एवढं डोक्यात बसलं की नकाशा न बघताही तार कुठे जाईल ते हाताला कळतं.

आता कृती. मी ०.१ मिमीचा तंगूस वापरते, मासेमारीच्या दुकानात मिळतो तोच. पंख रंगवण्याआधी ०.३ मिमीच्या ड्रिलने भोकं पाडून ठेवते. वरच्या पंखात अर्ध्या खोलीचीच भोकं, खालच्या पंखात आरपार. वरच्या पंखाच्या भोकात तंगुसाचं टोक सुपरग्लूने पक्कं करायचं आणि एक रात्र वाळू द्यायचं. मग वरचा पंख बसवायचा. खांब वाळले की प्रत्येक तंगूस खालच्या भोकातून ओवून खाली लोंबता सोडायचा आणि त्याच्या टोकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावायचा. एका चिमट्याच्या वजनाचा ताण पुरतो. बोटांनी ओढायचं नाही. खालून भोकात सुईच्या टोकाने गोंदाचा ठिपका, वाळला की पंखाला लागून ब्लेडने कापा, वर पुट्टीचा कण, रंगाचा एक हात.

उजवीकडे एक तार झाली की लगेच डावीकडची तीच तार घ्या. माझ्या पहिल्या वॉलरसची मी डावी बाजू एका बैठकीत पूर्ण केली आणि उजवी दुसऱ्या दिवसावर ठेवली. सकाळी पट्टी लावून पाहिलं तर वरच्या पंखाचं डावं टोक दोन मिलिमीटर खाली आलेलं. ते मॉडेल मी तसंच ठेवलंय. नवीन पंख बसवायच्या आधी एकदा त्याच्याकडे पाहते.

एखादी तार सैल राहिलीच तर पेटती उदबत्ती तिच्याजवळून, न टेकवता, झरकन फिरवा. तंगूस आकसतो आणि तार ताठ होते. दुसऱ्यांदा फिरवायचा मोह टाळा, तार तुटते. शेवटी पातळ राखाडी रंगाचा ब्रश सगळ्या तारांवरून ओढा, नाहीतर तंगूस दिव्याखाली चमकतो. मूळ तारा गोल नव्हत्या, वारा कापायला चपट्या केलेल्या होत्या. पण या मापाला गोल तंगूस डोळ्याला खटकत नाही.

माझ्या किटमध्ये इंजिन थोडं उजवीकडे वळलेलं बसतंय. साचा चुकलाय का? (कोल्हापूर)

साचा बरोबर आहे, घासून सरळ करू नका! वॉलरसचं नऊ सिलिंडरचं पेगॅसस इंजिन पंखांच्या मधे, पंखा (प्रोपेलर) मागे करून बसवलेलं. मागच्या पंख्याची भोवऱ्यासारखी फिरणारी हवा शेपटीच्या उभ्या पंखावर एका बाजूने आदळते आणि विमान वळू पाहतं. त्यावर उतारा म्हणून इंजिनाचा अख्खा डोलारा उजवीकडे तीन अंश वळवला होता. किट बनवणाऱ्यांनी ते पाळलं याचं मला कौतुक वाटतं.

पंख्याबद्दल मात्र जपा. पंखा मागे असला तरी पात्यांची फुगीर बाजू विमानाच्या नाकाकडेच येते आणि सपाट बाजू शेपटीकडे. बरेच जण तो उलटा बसवतात.

आमच्या होडीच्या तळाला शेवाळ आणि शिंपले धरतात. वॉलरसच्या पोटाला तसं दाखवू का? (मालवणच्या एक वाचक)

तुम्ही विचारलंत म्हणून बरं झालं, कारण पाण्याशी रोजचा संबंध असलेलीच व्यक्ती हे विचारेल. नको. तुमची होडी पाण्यात उभी असते. जहाजावरचं वॉलरस काम झालं की वर उचलून डेकवर ठेवलं जाई, शिंपल्यांना धरायला वेळच नसे. खाऱ्या पाण्याच्या फिकट ओघळ-रेषा दाखवा आणि तळाच्या पायरीपाशी रंग जरा घासलेला. पाण्यावर धावताना बोटीचं पोट पाण्याला चिकटून राहू नये म्हणून तळाला ही पायरी काढलेली असते, तिच्यामागे हवा शिरते आणि विमान सुटतं. तिची कड पुट्टीने बुजली तर बोटीचा जीवच गेला. तिथे पॉलिशपेपर हाताने नाही, कडक पट्टीला चिकटवून फिरवा.

वरच्या पंखाच्या मध्यावर पावलांनी रंग थोडा मळलेला दाखवला तरी चालेल. क्रेनचा हूक अडकवायला विमानातला एक जण वर चढायचा, आणि खाली समुद्र हलत असायचा.

तुम्ही कोकणात आहात म्हणून न विचारलेलंही सांगते. जून ते सप्टेंबर चकचकीत लॅकर मारू नका. दमट हवेत त्यावर दुधासारखी पांढरी साय येते. माझी भोकं, खांब, तारांची तयारी पावसाळ्यात होते आणि रंग दिवाळीनंतर.

अशी विमानं कधी मुंबईला आली होती का? आजी काहीतरी सांगायची. (ठाणे)

आली होती, आणि त्यांचाही आखणारा मिचेलच. १४ ऑक्टोबर १९२७ ला ग्रुप कॅप्टन केव्ह-ब्राउन-केव्ह यांच्या हाताखाली चार सुपरमरीन साउथॅम्प्टन विमानं इंग्लंडमधल्या फेलिक्स्टोहून निघाली. दोन मजली पंख, त्यांच्या मधे दोन नेपियर लायन इंजिनं, ड्युरॅल्युमिन या अ‍ॅल्युमिनियमच्या मिश्रधातूचं पोट, सगळं पांढरं रंगवलेलं. कराचीहून मुंबई करत ती किनाऱ्याकिनाऱ्याने कोलंबोकडे गेली आणि २८ फेब्रुवारी १९२८ ला सिंगापूरला पोचली. तिथून पुढे ऑस्ट्रेलियाला फेरी मारून आली. बंदरात पाण्यावर टेकलेली ती चार पांढरी विमानं तुमच्या आजीच्या घरातल्या कोणी पाहिली असतील, तर तो किती मोठा ठेवा आहे! आजीच्या आठवणीतलं जे असेल ते लिहून ठेवा आणि मला पाठवा.

साउथॅम्प्टनचे पंख ७५ फुटांचे, म्हणजे १:७२ ला जवळजवळ ३२ सेंटिमीटर. मी ते स्वतः घडवायला घेतलंय. आमच्या लॅबमध्ये रात्री दात खाणाऱ्यांसाठी पारदर्शक गार्ड बनवायचं यंत्र आहे. प्लास्टिकची चकती गरम होऊन लोंबली की ती साच्यावर दाबायची आणि खालची हवा ओढून घ्यायची. मालकांना विचारून मी त्यावर बोटीच्या नाकाचा डावा अर्धा भाग काढला. प्लास्टरचा साचा पूर्ण वाळला नव्हता, म्हणून वाफेचे तीन फुगे आले. साचा आता गच्चीवर उन्हात आहे. येत्या रविवारी पुन्हा काढणार आहे.