घरात कुणालाच कानडी जमत नाही

“मी मुलीला रोज चार चांगल्या गोष्टी सांगतो, तरी तिच्यावर काहीच परिणाम कसा होत नाही?” हा प्रश्न पालक माझ्याकडे वेगवेगळ्या शब्दांत घेऊन येतात. बेळगावजवळच्या वडगावातील एका यंत्रमागधारक गृहस्थांनीही तोच विचारला. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांची मुलगी मराठी माध्यमात नववीत होती. इतर विषयांत ती बरी असली तरी कन्नडचा तास असला की तिच्या पोटात दुखू लागे आणि सहामाहीत तिने तो पेपर जवळजवळ कोराच दिला होता. पुढच्या वर्षी एसएसएलसी, म्हणजे कर्नाटकातली दहावीची बोर्डाची परीक्षा असल्यामुळे वडील धास्तावले होते. शिकवणी लावून झाली होती, समजावून आणि रागावूनही झाले होते.

मुलीशी एकटीशी बोलले तेव्हा ती मान खाली घालून म्हणाली, “आमच्या घरात कुणालाच कानडी जमत नाही, मॅडम.” चौदा वर्षांचे मूल साऱ्या घराच्या वतीने असा निर्वाळा स्वतःहून देत नाही; तो त्याने कुठेतरी ऐकलेला असतो.

मी वडिलांना विचारले, “घरी विजेचे बिल कोण वाचते?” ते क्षणभर गप्प झाले. सुताच्या व्यापाऱ्यांशी ते कन्नडमध्ये सहज बोलत, पण वाचता येत नसल्यामुळे दर महिन्याला बिल शेजाऱ्यांच्या हाती देत आणि म्हणत, “बघा जरा, आपल्याला हे काय जमत नाही.” मुलगी तेव्हा पलीकडच्या कट्ट्यावर अभ्यास करत असे. पुढे त्यांनी जे सांगितले ते मी अजून विसरलेले नाही. वीस वर्षांपूर्वी एका कार्यालयाच्या खिडकीवर ते अर्ज अडखळत वाचत असताना आतला माणूस सर्वांसमोर हसला होता, आणि त्या दिवसापासून त्यांनी कन्नड अक्षरांकडे पाहणेच सोडले होते. त्या माणसाला हा प्रसंग आठवतही नसेल. मुलीचा तर तेव्हा जन्मही झाला नव्हता.

मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बांडुरा यांनी 1961 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतील 72 मुलांवर एक प्रयोग केला होता. मोठ्या माणसाला फुगवलेल्या बाहुलीला बदडताना पाहिलेल्या मुलांपैकी अनेकांनी, कुणीही न सांगता, बाहुलीला तसेच बदडले. हे गृहस्थ मुलीला उद्देशून जे बोलत ते उपदेशाचे असे. ते स्वतःविषयी जे बोलत आणि जे टाळत, ते मात्र ती रोज पाहत होती.

मी त्यांना एकच काम दिले: बिल स्वतः वाचायचे, मुलीसमोर, आणि चुका लपवायच्या नाहीत. हे शेवटचे त्यांना फार जड गेले. बापाने मुलीपुढे अडखळावे हे त्यांना पटेना, आणि पहिले दोन आठवडे त्यांनी ते केलेही नाही. मीही घाई केली नाही, कारण ती खिडकी त्यांच्या मनातून अजून हलली नव्हती.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी पहिलाच शब्द वाचला, “वि-द-यु-त.” मुलगी शेजारी येऊन बसली आणि अक्षराच्या पोटाखालच्या छोट्या खुणेवर बोट ठेवून म्हणाली, “आप्पा, हे खाली लिहिलेलं वरच्याला जोडायचं. विद्युत. आपलाच शब्द आहे की!” हे मला सांगताना वडिलांचा गळा भरून आला होता.

वार्षिक परीक्षेत तिला कन्नडमध्ये फार गुण मिळाले नाहीत, पण पेपर तिने पूर्ण लिहिला. त्यानंतर वडील भेटायला आले तेव्हा त्यांनी खिशातून घडी घातलेले बिल काढून माझ्यापुढे ठेवले. “या महिन्याचं तिनंच वाचलं, मॅडम,” ते म्हणाले. “शेजारच्या काकांचंसुद्धा.”