कामाचा मेल स्पॅममध्ये जातो तेव्हा

प्रश्न : सांगलीच्या मार्केट यार्डात माझी हळदीची अडत आहे. जीमेलवर कर्जाच्या, लॉटरीच्या मेलांचा रोजचा रतीब. त्यात इंदूरच्या व्यापाऱ्याची चौकशी स्पॅममध्ये गेली नि सौदा हुकला. काय करू?

उत्तर : दादा, वाचून वाईट वाटलं. म्हणून आधी कामाच्या मेलांची सोय लावू. मोबाइलच्या ॲपमध्ये हे जमत नाही, कॉम्प्युटरवर जीमेल उघडा. वरच्या शोधायच्या चौकटीत उजव्या टोकाला आडव्या रेघांचं चिन्ह आहे, ते दाबा. 'फ्रॉम'मध्ये व्यापाऱ्याचा पत्ता घाला, 'क्रिएट फिल्टर' दाबा आणि 'नेव्हर सेंड इट टू स्पॅम'वर खूण करा.

कर्जवाले रोज नव्या पत्त्यावरून येतात, त्यामुळे पत्ता नव्हे, शब्द धरा. पण नुसतं 'लोन' घालू नका, तुमच्या बँकेची पत्रंही अडकतील! तसाच दुसरा फिल्टर करून त्यात 'हॅज द वर्ड्स'मध्ये 'प्री-अप्रूव्ह्ड लोन' असे जोडशब्द इंग्रजीत, अवतरणचिन्हांत घाला. 'डिलीट' नको, लेबल लावून 'स्किप द इनबॉक्स' करा.

स्पॅममधला मेल ३० दिवसांनी आपोआप पुसला जातो, तेव्हा आठवड्यातून एकदा सौदे आटोपल्यावर तिथं नजर टाकाच. आणि लॉटरीवाल्यांच्या 'अनसबस्क्राइब'ला हातही लावू नका. तुमचा पत्ता चालू असल्याचं त्यांना त्यातूनच कळतं.