गेम खेळून क्रेनची जॉयस्टिक तपासता येते का?

प्रश्न : मुलगा इन्स्ट्रुमेंटेशन डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे. रबाळे एमआयडीसीतून भंगारातली क्रेनची जॉयस्टिक आणली, कॉम्प्युटरला जोडून गेम खेळतो. म्हणतो, यातच करिअर करणार. असं काही असतं का?
– एक पालक, ऐरोली

उत्तर : असतं, फक्त ते खेळण्यात नाही. दोन कंट्रोलपैकी हाताला कोणता बरा, हे मोजून दाखवण्याचं ते काम आहे. विषयाचं नाव अर्गोनॉमिक्स. अमेरिकी नौदलाच्या २०१८ साली दाखल झालेल्या ‘कोलोरॅडो’ पाणबुडीत पेरिस्कोपच्या जागी बसवलेला कॅमेऱ्यांचा खांब एक्सबॉक्सच्या गेमपॅडने फिरवतात.

मुलाला फायनल इयरचा प्रोजेक्ट हाच घेऊ द्या : क्रेनची जॉयस्टिक बरी की गेमपॅड. आधी मल्टिमीटर लावावा. जुन्या क्रेनच्या दांड्यात बऱ्याचदा टप्प्याटप्प्याने लागणारे कॉन्टॅक्टच असतात; मग प्रत्येक टप्पा बटण म्हणून जोडायचा. हॉल सेन्सर (चुंबकावरून दांड्याची जागा ओळखणारा) असेल, तर ५ व्होल्ट सप्लायवर साधारण ०.५ ते ४.५ व्होल्ट मिळतात. आर्डुइनो लिओनार्डो या कॉम्प्युटरला जोडायच्या छोट्या बोर्डवर ते ० ते १०२३ ऐवजी १०२ ते ९२१ असे दिसतात. स्केलिंग केलं नाही, म्हणजे हे आकडे पूर्ण पट्टीवर ताणून घेतले नाहीत, तर दांडा पूर्ण ढकलूनही वेग अर्धवट राहतो आणि खापर जॉयस्टिकवर फुटतं. डेड झोन (दांडा मधल्या जागेपासून थोडा हलला तरी दुर्लक्षित राहणारा भाग) दोन्ही कंट्रोलना सारखाच ठेवावा.

बाजारातला गेम नको. अनेक गेम नेम आपोआप सुधारतात, त्यात कंट्रोलमधला फरक दडतो. साधा गेम स्वतः लिहावा : हूक चौकोनात नेऊन थांबवायचा, चौकोन लहान-मोठे, जवळ-दूर. त्यामागे फिट्सचा १९५४ चा नियम आहे (लक्ष्य जितकं लहान आणि दूर, तितका वेळ जास्त), तो वाचायला सांगा. लागलेला वेळ आणि हूक किती वेळा पुढे निसटला, दोन्ही नोंदवावं. बारा जण पुरेत. निम्म्यांना आधी गेमपॅड, निम्म्यांना आधी जॉयस्टिक, कारण दुसऱ्या खेपेला सगळ्यांचाच हात बसलेला असतो. शेवटी नासा-टीएलएक्सचे, म्हणजे कामाचा ताण किती वाटला हे विचारणाऱ्या प्रश्नावलीचे, सहा प्रश्न.

बाराही जण कॉलेजचे मित्र असले, तर गेमपॅडच जिंकेल. हातमोजे घालून काम करणारे चार-पाच ऑपरेटर तरी हवेतच. गेममध्ये झुलणारा माल नसतो, मशीनचा कंप नसतो. त्यामुळे कोणता कंट्रोल मशीनवर तपासण्याजोगा आहे, एवढंच इथे कळतं. इमर्जन्सी स्टॉपचा निर्णय गेमवरून कधीही घेऊ नये.

डिप्लोमा मात्र अर्धवट सोडू देऊ नका. त्यानंतर इंजिनिअरिंगच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश, मग सीड (CEED) ही डिझाइनची प्रवेश परीक्षा देऊन पवईच्या आयआयटीत आयडीसी या डिझाइन विभागाचं एम.डेस. (डिझाइनमधली पदव्युत्तर पदवी). लगेच नोकरी हवी असेल, तर महापे-तुर्भे भागात पीएलसी (मशीन चालवणारा औद्योगिक कंट्रोलर) आणि एचएमआयची (ऑपरेटरसमोरचा मशीनचा स्क्रीन) कामं शोधावीत. मुलाखतीला प्रोजेक्टच्या मोजमापांचा तक्ता सोबत न्यावा.