जर्मनीत जाताय? मग ज्या गावी असाल, तिथलंच मागा!

प्रश्न : सप्टेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आम्ही दोघं जर्मनीला निघालोय. फ्रँकफर्टला उतरून कोलोन, स्टुटगार्ट, न्यूरेम्बर्ग आणि शेवटी म्युनिक. हे सगळं खातात, बिअरही घेतात. मी अंडं खाते, पण मांस-मासे नाही आणि दारू अजिबात नाही. तिथलं खास असं काय खावं-प्यावं? की मी आपली ब्रेड-बटाट्यावरच राहू?
— एक वाचक

उत्तर : ब्रेड-बटाट्यावर राहिलात तरी हाल व्हायचे नाहीत, तिथला ब्रेड उत्तमच असतो. पण तेवढ्यावर भागवू नका. 'अस्सल जर्मन जेवण' अशी पाटी लावलेल्या हॉटेलात मात्र शिरू नका. एकाच मेन्यूवर म्युनिकचं सॉसेज, हॅम्बुर्गचा मासा आणि बर्लिनचं करीवुर्स्ट (करी-सॉसमधलं सॉसेज) दिसलं, की उठून बाहेर पडा. तिथे दर दोनशे किलोमीटरवर ताटही बदलतं आणि ग्लासही. ज्या गावी असाल तिथलंच मागा.

मी राहते फ्रँकफर्टला, त्यामुळे पक्षपात होणारच. तुमच्यासाठी इथली ग्र्युने झोसे, म्हणजे हिरवी चटणी. सात पाल्यांची असते : बोरेज, चर्विल, क्रेस (म्हणजे आपल्या हळिवाची पानं), पार्सली, पिंपिनेला, चुक्याच्या कुळातला आंबट सॉरेल आणि चाइव्ह. सगळं बारीक चिरून आंबट सायीत किंवा दह्यात कालवतात आणि उकडलेली अंडी व बटाटे यांबरोबर गार वाढतात. हा पाला शहरालगतच्या ओबेरराड भागात पिकतो, आणि बाजारात सातही एकत्र, कागदात गुंडाळलेले मिळतात. सोबत हांडकेझ मागवा. हे आंबट दुधाचं चीज, साधारणपणे रेनेटशिवायचं (म्हणजे वासराच्या जठरातून काढलेलं विरजण न वापरता केलेलं), त्यामुळे तुम्हाला चालावं. वर कांदा, व्हिनेगर, तेल आणि कॅरवे, म्हणजे शहाजिऱ्यासारखे दाणे. वास दांडगा असतो, आधीच सांगून ठेवते. जुने लोक काटा न घेता नुसत्या सुरीने ते लोणी लावलेल्या ब्रेडवर चढवतात.

तुमच्या यजमानांनी फ्रँकफर्टच्याच झाक्सेनहाउझेन भागातल्या जुन्या गुत्त्यात बसून आपफेलवाइन घ्यावी. आंबट सफरचंदांची ही वाइन निळ्या नक्षीच्या राखाडी बरणीतून, खाचांच्या ग्लासात ओततात. पहिला घोट आंबटढाण लागतो. तोंड वाकडं झालं तर सोडा घालून मागावी. लेमोनेड घालून मागितली तर जुन्या ठिकाणी वेटर असा काही बघतो, की पुन्हा मागायची हिंमत होत नाही.

कोलोनला क्योल्श बिअर, दोनशे मिलीच्या उभट ग्लासात. ग्लास संपला की निळ्या पोशाखातला वेटर न विचारता दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलीने एक रेघ ओढतो. शेवटी त्या रेघा मोजून बिल होतं. पुरे झालं की चकती ग्लासावर ठेवायची, नाहीतर ग्लास येतच राहतात. हे वेटर फटकळ म्हणून प्रसिद्ध आहेत, मनावर घेऊ नका. पण डुसेलडॉर्फची आल्ट बिअर तिथे मागायची नाही, त्या दोन गावांचं जुनं वैर आहे. तुम्ही हाल्वे हान घ्या. नावात कोंबडा असला तरी ताटात राय नावाच्या धान्याचा पाव, गौडा चीजचा जाड तुकडा, मोहरीची चटणी आणि कांदा एवढंच असतं.

स्टुटगार्टला तुमची खरी चैन. केझश्पेट्झले : मैदा-अंड्याचं सैल पीठ लाकडी फळीवरून खरवडून थेट उकळत्या पाण्यात सोडतात, वर तरंगलेले तुकडे काढून किसलेल्या चीजचे थर देतात आणि तळलेला कांदा घालतात. एक प्लेट दोघांना पुरते. सोबतची बटाट्याची कोशिंबीर मात्र विचारून घ्या, त्या भागात ती मांसाच्या रश्शात भिजवतात. माउलटाशेन म्हणजे सारण भरलेले पिठाचे चौकोन. उपवासाच्या दिवसांत देवाच्या नजरेआड मांस खाता यावं म्हणून भिक्षूंनी ही युक्ती काढली, असं सांगतात! बऱ्याच ठिकाणी पालकाचे बिनमांसाचेही मिळतात. यजमानांसाठी याच दिवसांत नॉयर झ्यूसर येते, अजून आंबत असलेली कोवळी वाइन. तिची बाटली घट्ट बंद केलेली नसते, तेव्हा बॅगेत आडवी ठेवायची नाही.

न्यूरेम्बर्गला यजमानांसाठी मार्जोरम घातलेली बोटाएवढी सॉसेजं, एका पावात तीन. म्युनिकला वाइसवुर्स्ट, म्हणजे पांढरी सॉसेजं, तीही दुपारी बाराच्या आत. गरम पाण्याच्या भांड्यातून येतात, मोहरीच्या गोड चटणीबरोबर खातात, साल टाकून देतात. ऑक्टोबरफेस्टचे, म्हणजे तिथल्या बिअरच्या मोठ्या जत्रेचे दिवस आहेत, हॉटेलं महागलेली असतील. तंबूतल्या गर्दीपेक्षा मला साधा बिअरगार्टन, म्हणजे झाडांखालचा उघड्यावरचा बिअरचा अड्डा, बरा वाटतो. १८१२ च्या राजाज्ञेने तिथल्या बिअरवाल्यांना जेवण विकायची बंदी केली, तेव्हापासून लोक घरचा डबा घेऊन येतात. आजही बिनटेबलक्लॉथच्या बाकांवर हे चालतं, फक्त पेय तिथलंच घ्यायचं. तुम्ही आपफेलशोर्ले घ्या, सफरचंदाचा रस आणि सोडा. 'आल्कोहोलफ्राय' बिअरमध्ये अर्ध्या टक्क्यापर्यंत अल्कोहोल चालतं, म्हणून ती तुमच्यासाठी नाही.

सगळीकडे एकच शब्द पाठ ठेवा, 'श्पेक'. हे डुकराचं खारवलेलं मांस परतलेल्या बटाट्यात, कोबीत, कांद्याच्या केकमध्येही हळूच असतं. आणि ब्लॅक फॉरेस्ट केकचा मोह टाळा. अस्सल केकमध्ये चेरीची दारू असते, शिवाय क्रीममध्ये बऱ्याचदा जिलेटिन. त्याऐवजी ताज्या निळ्या प्लमचा केक घ्या, सप्टेंबर हा त्याचाच मोसम. घट्ट क्रीम वेगळं मागावं लागतं, आणि ते मागाच.