तार पोचली म्हणून हुकूम सोडू नकोस

अरे बाळा,

रात्रीचा तुझा मेसेज वाचला. भांडुपच्या साइटवर पाणी भरलंय, तू दादरच्या ऑफिसात, साहेब सारखे फोटो मागतायत, तू ते तसंच खाली ढकलतोयस आणि वर मला विचारतोस पोरं का चिडली. त्यांनी पंप बघायचा की मोबाईल?

माझं एकच म्हणणं, जो जागेवर आहे त्याने ठरवायचं.

हे व्हॉट्सॲपपासून सुरू झालेलं नाही रे. १८५५ मध्ये क्रिमियाच्या युद्धात काळ्या समुद्राखालून वार्ना ते बालाक्लावा तार टाकली आणि पॅरिसमध्ये बसलेला फ्रान्सचा बादशहा तिसरा नेपोलियन थेट रणांगणावर हुकूम सोडायला लागला. मे महिन्यात केर्च या रशियन बंदराकडे निघालेली जहाजं त्याच्या तारेमुळे वाटेतून परत बोलवावी लागली, सेनापती कॅनरोबेअरने पदच सोडलं. नंतरचा पेलिसिए महाहट्टी, तारा येत राहिल्या आणि त्याने स्वतःचंच खरं केलं. त्याच महिन्यात केर्च घेतलं, सप्टेंबरात वेढा घातलेलं सेव्हास्तोपोल पडलं. जागेवरच्याने ठरवलं म्हणून!

तार वाईट असं मी म्हणत नाहीये, नीट वाच. अमेरिकेच्या यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकन युद्धखात्याच्या तार ऑफिसात तासन्‌तास बसायचा. मे १८६२ मध्ये वॉशिंग्टनहूनच तीन सेनापती हलवून शेनंडोआ खोऱ्यात शत्रूचा सेनापती जॅक्सनला कोंडायला गेला, जॅक्सन निसटला. तोच लिंकन एप्रिल १८६४ मध्ये आपल्या सरसेनापतीला, ग्रँटला लिहितो, तुमच्या प्लॅनचे बारकावे मला माहीत नाहीत आणि जाणूनही घ्यायचे नाहीत, माझ्या हातातलं काही कमी पडत असेल तर मात्र कळवा. ऑगस्टात ग्रँट व्हर्जिनियातल्या पीटर्सबर्गपाशी अडकलेला, तेव्हा तार केली ती पकड सोडू नका म्हणून. कुठली तुकडी कुठे न्यायची ते ग्रँटवर सोडलं.

मला लोक थंड म्हणायचे, साइटवर फोन करत नाही म्हणून. प्रमोशन गेलं त्यात, हळहळ आहे अजून, पण माझा मुकादम रात्री पंप बंद पडला की आधी चालू करायचा आणि मग कळवायचा, आणि मी जागाच असायचो, झोप लागते काय अशा वेळी? याला थंड म्हणतात का?

तर आत्ता साहेबांना सांग, फोटो तासाला एकच येईल. आणि मुकादमाला फोन लावून फक्त विचार, काय पाठवू. डिझेल म्हणाला तर डिझेल, आणखी एक पंप म्हणाला तर त्यासाठी साहेबांशी भांड.